पदवीला हवी कौशल्याची जोड : कृषी पदवीधरांचा स्वयंरोजगार



आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज एखादा मुलगा किंवा मुलगी पदवीधर आहे. कोणी बी.एस्सी. (कृषी) झाला, कोणी उद्यानविद्या घेतली, तर कोणी कला किंवा विज्ञान शाखेची पदवी घेऊन घरी आला. निकालाच्या दिवशी गावात पेढे वाटले जातात. त्यानंतर दोन-तीन वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात जातात. जागा थोड्या आणि अर्ज फार अशी स्थिती असल्याने बहुतेकांची निवड होत नाही. मग घरात हळूहळू बोलणे कमी होते. मुलगा शेतात गेला तर "शिकून शेवटी हेच करायचे होते का?" असे शेजारी विचारतात आणि घरी बसला तर "पोराला काही कामधंदा नाही" असे म्हणतात. मुलगी असल्यास लग्नाचा विषय निघतो आणि तिची पदवी कपाटात राहते.

यावर स्वयंरोजगार हा उपाय नेहमी सांगितला जातो. तो योग्यही आहे. परंतु पदवी आणि व्यवसाय यांच्यामध्ये कौशल्य नावाची एक पायरी असते. ती गाळून थेट कर्जाकडे वळल्यास काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यात माझीही चूक होती. म्हणून या लेखात ही पायरी कशी चढावी, याचा विचार एका प्रत्यक्ष व्यवसायाच्या आधारे केला आहे.

माहिती असणे आणि काम येणे

काही वर्षांपूर्वी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी घेऊन मी एका गावी गेलो होतो. जून महिना होता आणि सोयाबीनच्या पेरणीची तयारी सुरू होती. एका वयस्कर शेतकऱ्याने ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र दाखवून मुलांना विचारले, "या यंत्रातून एकरी किती बी पडेल, तेवढे सांगा." सोयाबीनसाठी हेक्टरी ७५ किलो बियाणे लागते, हे सर्व मुलांनी बरोबर सांगितले. पण समोरच्या यंत्रातून किती पडेल, हे एकालाही सांगता आले नाही. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मला सूत्र पाठ होते, वर्गात फळ्यावर ते मी अनेकदा लिहिले होते, परंतु शेतात उभे राहून स्वतःच्या हाताने मी ते कधी केले नव्हते. शेतकऱ्यासमोर तसे कबूल केले आणि आम्ही सर्वजण मिळून कामाला लागलो.

कृती सोपी आहे. ती प्रत्येक शेतकऱ्याने पेरणीपूर्वी करावी.

१) यंत्राच्या चाकाचा घेर मोजावा. त्या यंत्राचा घेर १.५ मीटर होता.
२) फणांची संख्या गुणिले दोन फणांतील अंतर, म्हणजे पेरणीची रुंदी. ५ फण आणि ४५ सें.मी. अंतर, म्हणून रुंदी २.२५ मीटर.
३) चाकाच्या एका फेऱ्यात पेरले जाणारे क्षेत्र १.५ × २.२५ = ३.३७५ चौ.मी. म्हणजे २० फेऱ्यांत ६७.५ चौ.मी.
४) हेक्टरी ७५ किलो प्रमाण ठेवायचे असल्यास ६७.५ चौ.मी. क्षेत्रात सुमारे ५०६ ग्रॅम बी पडले पाहिजे.
५) यंत्र जॅकवर उचलून, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून चाक २० वेळा फिरवावे आणि पिशव्यांतील सर्व बी एकत्र वजन करावे.

आमच्या वजनात ६४० ग्रॅम बी भरले. म्हणजे हेक्टरी जवळजवळ ९५ किलो बी पडत होते. हेक्टरी २० किलो, एकरी ८ किलो बियाणे विनाकारण जमिनीत जाणार होते आणि वर रोपांची दाटी होणार होती, ती वेगळीच. दांडा सरकवून तीनदा मोजणी केली, तेव्हा प्रमाण जमले. दुसऱ्या दिवशी त्या गावातील आणखी चार शेतकऱ्यांनी मुलांना आपल्या यंत्राकडे बोलावून नेले.

मुलांना हेक्टरी प्रमाण ठाऊक होते, ती माहिती होय. यंत्र जुळवून देता येणे हे कौशल्य होय. शेतकरी माहितीसाठी सहसा पैसे देत नाही, कारण ती त्याला रेडिओवर, मासिकात आणि मोबाईलवर फुकट मिळते. डोळ्यांसमोर काम करून देणाऱ्याला मात्र तो आनंदाने पैसे देतो. पदवीधराचा व्यवसाय याच ठिकाणी सुरू होतो.

अभ्यासक्रमात झालेले बदल

ही उणीव विद्यापीठांच्या लक्षात आलेली नाही, असे नाही. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम पूर्वीपासून आहे. त्यानंतर अनुभवाधारित शिक्षणाचे घटक आले. त्यात विद्यार्थी स्वतः अळिंबी, गांडूळखत, रोपवाटिका किंवा फळप्रक्रिया यांचे छोटे युनिट चालवून हिशेब ठेवतात. २०१५ मध्ये 'स्टुडंट रेडी' हा कार्यक्रम जाहीर झाला. सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशीनुसार २०२४-२५ पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात तर सुरुवातीच्या वर्षांतच कौशल्यवाढीचे विषय ठेवले आहेत.

तरीही महाविद्यालयातील युनिट आणि स्वतःचा व्यवसाय यांत फरक राहतोच. महाविद्यालयात जागा, पाणी आणि वीज यांचे बिल विद्यार्थी भरत नाही. माल विकला गेला नाही तर त्याच्या घरच्या चुलीवर परिणाम होत नाही. म्हणून पदवीनंतर किमान एक हंगाम चालू व्यवसायात काम करणे आवश्यक आहे. त्यात कमीपणा मानू नये.

एक उदाहरण : भाजीपाला रोपवाटिका

कृषी पदवीधरासाठी कृषी सेवा केंद्र, माती-पाणी परीक्षण, अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र, ठिबक संचाची उभारणी व दुरुस्ती, अळिंबी उत्पादन, जैविक खते व बुरशीनाशके, डाळमिल, शेळी-कुक्कुटपालन असे अनेक व्यवसाय आहेत. सर्वांची वरवर यादी देण्यापेक्षा एकच व्यवसाय बारकाईने पाहू. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर यांची रोपे आता बरेच शेतकरी स्वतः गादीवाफ्यावर न करता तयार विकत घेतात. संकरित बियाणे महाग असल्याने एकेक बी वाचवणे परवडते. म्हणून प्रो-ट्रेमधील रोपांना मागणी आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याने पदवीनंतर माझा सल्ला विचारला. घरी अडीच एकर बागायत, विहिरीला पाणी बऱ्यापैकी. मी त्याला १० गुंठ्यांचे शेडनेट उभारण्यास सांगितले, कारण अनुदानाचा नमुना १० गुंठ्यांचा होता. वडिलांनी दोन म्हशी विकून स्वतःच्या हिश्श्याची रक्कम उभी केली, बाकीचे कर्ज काढले. त्या मुलाने तोपर्यंत एकही रोपवाटिका हंगामभर चालवलेली नव्हती आणि मीही ते विचारले नाही.

पहिल्या तुकडीत टोमॅटोच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि वाढ थांबली. औषधे बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. शेवटी कारण सापडले ते कोकोपीटमध्ये. त्यातील क्षार धुतलेच नव्हते. दुसरी तुकडी उत्तम आली, पण त्याच सुमारास टोमॅटोचे बाजारभाव कोसळले. ज्यांनी तोंडी मागणी नोंदवली होती, त्यांतील निम्मे शेतकरी रोपे न्यायला आलेच नाहीत. रोपे ट्रेमध्ये उंच वाढून लोळली आणि उकिरड्यावर टाकावी लागली. त्या दिवशी त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, "सर, म्हशी असत्या तर निदान दूध तरी मिळाले असते." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढे त्या मुलाने व्यवसाय बंद केला नाही. तीन महिने तो दुसऱ्या एका जुन्या रोपवाटिकेत रोजंदारीवर राहिला. परत आल्यावर त्याने १० गुंठ्यांपैकी फक्त २ गुंठे रोपांसाठी वापरले आणि उरलेल्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरची घेतली. आज त्याची रोपवाटिका चार गुंठ्यांवर नीट चालते आहे आणि कर्ज फिटत आले आहे. तो जे शिकला, ते पुढे क्रमाने देत आहे.

तांत्रिक बाबी

१) कोकोपीट : विटा पाण्यात फुगवून चांगल्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवाव्यात. धुतल्यानंतर क्षारता (ई.सी.) १ डेसीसायमनपेक्षा कमी आणि सामू ५.५ ते ६.५ असावा. ई.सी. मीटर हे छोटे यंत्र रोपवाटिकाधारकाने स्वतःजवळ ठेवावे. विहिरीचे पाणीच खारट असेल, तर या व्यवसायाचा विचार सोडावा किंवा पावसाचे पाणी साठवण्याची सोय आधी करावी.

२) ट्रे भरणे : टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांसाठी ९८ कप्प्यांचे ट्रे वापरतात. एका ट्रेला सुमारे सव्वा किलो ओलसर कोकोपीट लागते. भरताना दाबू नये. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळावा. जुने ट्रे ब्लिचिंग पावडरच्या द्रावणात धुऊन, सुकवूनच पुन्हा वापरावेत.

३) उगवण : पेरणीनंतर १० ट्रे एकावर एक ठेवून प्लास्टिकने झाकावेत. टोमॅटोचे ट्रे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तर मिरचीचे सहाव्या-सातव्या दिवशी उघडावे लागतात. कोंब दिसताच ट्रे पसरावेत. येथे एक दिवसाचा उशीर झाला तरी रोपे पिवळी व लांबट होतात. म्हणून या काळात सकाळ-संध्याकाळ पाहणी करावी. हे काम मजुरावर सोपवू नये.

४) कीटकरोधक जाळी : बाजूंना ४० ते ५० मेशची जाळी आणि दुहेरी दरवाजा असावा. पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्यामार्फत पर्णगुच्छ व चुरडामुरडा यांसारखे विषाणूरोग पसरतात. रोपावस्थेत रोग शिरला तर त्याचा परिणाम शेतात गेल्यावर दिसतो आणि दोष रोपवाटिकेवर येतो. जाळीला पडलेले एक छिद्रही त्याच दिवशी शिवावे.

५) पाणी व खत : जास्त पाण्याने रोपे कोलमडतात. झारीने किंवा बारीक फवाऱ्याने, शक्यतो सकाळी पाणी द्यावे. संध्याकाळी पाने ओली राहू देऊ नयेत. साधारण १२ व्या आणि २० व्या दिवशी १९:१९:१९ हे विद्राव्य खत ३ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात द्यावे.

६) रोपे कणखर करणे : विक्रीपूर्वी चार-पाच दिवस पाणी कमी करावे आणि रोपांना जास्त उजेड द्यावा. टोमॅटो, कोबी २२ ते २८ दिवसांत आणि मिरची ३५ ते ४० दिवसांत पुनर्लागवडीस तयार होते. मुळांनी कोकोपीट धरून ठेवले असेल आणि रोप अलगद सुटून येत असेल, तर ते तयार झाले असे समजावे.

गिऱ्हाईक आधी, ट्रे नंतर

दोन गुंठे म्हणजे सुमारे २०० चौ.मी. ये-जा करण्याची जागा सोडून १२० चौ.मी. वापरात येते. एक ट्रे सुमारे ५४ × २७ सें.मी. जागा व्यापतो. म्हणजे ८०० ट्रे बसतात. ८०० × ९८ = ७८,४०० कप्पे. त्यांतून ९० टक्के विक्रीयोग्य रोपे धरली, तर एका तुकडीत ७०,००० रोपे.

५ × १.५ फूट अंतरावर टोमॅटोची एकरी सुमारे ५,८०० रोपे लागतात. म्हणजे दोन गुंठ्यांतील एका तुकडीला १२ एकर टोमॅटो लावणारे शेतकरी हवेत. हेच १० गुंठ्यांना ६० एकर होते, आणि तेही दर महिन्याला! हा हिशेब मी माझ्या विद्यार्थ्याबरोबर आधी केला असता, तर म्हशी विकाव्या लागल्या नसत्या. आपल्या पंचक्रोशीत कोणते पीक, कोणत्या महिन्यात, किती एकरांवर लावले जाते, याची नोंद एका वहीत करावी. किमान ५० शेतकऱ्यांना भेटल्याशिवाय एकही ट्रे विकत घेऊ नये.

मागणी नोंदवताना चतुर्थांश रक्कम आगाऊ घ्यावी आणि पावती द्यावी. नातेवाईक असला तरी हा नियम मोडू नये. सुरुवातीला शेतकऱ्याचे बियाणे घेऊन फक्त रोपे वाढवून द्यावीत. यात भांडवल कमी गुंतते. मात्र बियाण्याचे रिकामे पाकीट, लॉट क्रमांक आणि बिलाची प्रत तारखेसह जपून ठेवावी. पुढे उगवणीबद्दल किंवा जातीबद्दल तक्रार आली, तर दोष बियाण्याचा की रोपवाटिकेचा, हे या कागदांवरूनच ठरते.

खर्चाचा हिशेब कसा करावा

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या भागातील दर घालावेत. हिशेब दोन गुंठे, ८०० ट्रे, वर्षात चार तुकड्या म्हणजे ३,२०० ट्रे असा आहे. बियाणे शेतकऱ्याचे.

प्रति ट्रे खर्च :
ट्रेची झीज – ४ रुपये
कोकोपीट – १० रुपये
मजुरी (घरच्यांची धरून) – १० रुपये
खते, औषधे, वीज-पाणी – ४ रुपये
शेडनेटची झीज – ६ रुपये
व्याज – २ रुपये
एकूण – ३६ रुपये

एका ट्रेमधून ८८ रोपे विकली गेली, तर एका रोपाचा खर्च ४१ पैसे येतो. वाढवणूक दर ६० पैसे मिळाल्यास ट्रेमागे जवळजवळ १७ रुपये आणि वर्षाला सुमारे ५३,७०० रुपये शिल्लक राहतात. पण उगवण व निगा कमी पडून ७३ रोपेच विकली गेली, तर खर्च ४९ पैशांवर जातो आणि शिल्लक २५,००० रुपयांपर्यंत खाली येते. म्हणजे ट्रेमधील १५ रोपे गेली की निम्म्याहून अधिक नफा जातो. कौशल्याची किंमत ती हीच.

आता दुसरी बाजू पाहू. रोपे उत्तम, पण वर्षात चारऐवजी दोनच तुकड्या विकल्या गेल्या. शेडनेटची झीज आणि व्याज थांबत नाही. वर्षाचे ते सुमारे २५,००० रुपये निम्म्या ट्रेंवर पडतात, ट्रेचा खर्च ४४ रुपयांवर जातो आणि वर्षाची शिल्लक १४,००० रुपयांच्या आसपास उरते. म्हणून कर्जाचा हप्ता चार तुकड्यांच्या हिशेबावर न ठरवता दोन तुकड्यांच्या हिशेबावर ठरवावा. दोन तुकड्यांत हप्ता निघत नसेल, तर प्रकल्प लहान करावा.

मजुरीत घरच्यांची मजुरी धरली आहे, हे लक्षात घ्यावे. आई आणि बहीण ट्रे भरतात म्हणून ते काम फुकट झाले, असे समजणारा हिशेब खोटा असतो.

प्रशिक्षण कोठे घ्यावे

१) कृषी विज्ञान केंद्र : देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आता आपल्या राज्यातील ग्रामीण जिल्ह्यांत ही केंद्रे आहेत. ग्रामीण युवकांसाठी येथे प्रात्यक्षिकांवर भर देणारी अल्पमुदतीची प्रशिक्षणे होतात.

२) ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था (आरसेटी) : कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून ही योजना देशभर आली. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत ती चालते. प्रशिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते. कृषी पदवी नसलेल्या युवकांनाही येथे प्रवेश मिळतो. हिशेब आणि बँक व्यवहार येथे चांगले शिकवतात.

३) कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना : केंद्र सरकारने २००२ मध्ये खास कृषी पदवीधरांसाठी ही योजना सुरू केली. हैदराबाद येथील 'मॅनेज' ही संस्था प्रशिक्षणाची, तर नाबार्ड अनुदानाची बाजू सांभाळते. निवडलेल्या प्रशिक्षण संस्थांत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वैयक्तिक प्रकल्पासाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या खर्चावर सर्वसाधारण गटास ३६ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे.

४) चालू व्यवसायात उमेदवारी : वरील तीन ठिकाणी शिकल्यानंतरही एखाद्या जुन्या व्यावसायिकाकडे एक हंगाम काम करावे. आपल्या गावापासून ५०-६० किलोमीटर दूरची जागा निवडावी, म्हणजे उद्या स्पर्धक होईल या भीतीने तो शिकवायला कचरणार नाही.

पदवीधर मुलींसाठी एक बाब सांगणे आवश्यक आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत महिला कृषी पदवीधरांना प्रथम प्राधान्य दिले गेले. घराजवळ चालणारा, बारीक निगा मागणारा हा व्यवसाय मुली उत्तम सांभाळू शकतात. फक्त जागेचा कागद आणि बँकेचे खाते तिच्या नावाने करण्याची घरच्यांची तयारी हवी.

अनुदान आणि परवाने यांबाबत दक्षता

अनुदान हे भांडवल नव्हे. बँक कर्जाशी जोडलेल्या अनुदानात रक्कम बहुधा राखीव ठेवली जाते आणि कर्ज नियमित फेडल्यावरच तिचा लाभ मिळतो. म्हणून अनुदान हातात येईल असे धरून खर्च करू नये. तसेच अनुदानाचा नमुना जेवढा मोठा, तेवढाच आपला व्यवसाय मोठा असावा, हा समज सोडावा. माझी चूक नेमकी हीच होती. योजनांचे निकष आणि तरतुदी बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात व बँकेत समक्ष चौकशी करावी.

बियाणे अधिनियम १९६६ मधील 'बियाणे' या व्याख्येत रोपांचाही समावेश होतो आणि फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्याचा १९६९ चा वेगळा कायदा आहे. त्यामुळे विक्री सुरू करण्यापूर्वी परवान्याची चौकशी करून घ्यावी. कृषी सेवा केंद्र काढायचे असल्यास कीटकनाशके व खते यांच्या परवान्यासाठी विहित शैक्षणिक पात्रता लागते. तेथे कृषी पदवी थेट उपयोगी पडते.

घरच्या वडीलधाऱ्यांनी काय करावे

आई-वडिलांची जबाबदारी यात मोठी आहे. मुलगा किंवा मुलगी व्यवसाय करतो म्हणाली, तर पुढील गोष्टी कराव्यात.

१) स्पर्धा परीक्षेसाठी किती प्रयत्न करायचे, हे सुरुवातीलाच घरात बसून ठरवावे. मुदत संपल्यावर त्याला अपयशी म्हणू नये.
२) पहिल्या वर्षी मोठी रक्कम देऊ नये. दोन गुंठे जागा, पाण्याची पाळी आणि एक हंगाम मोकळा द्यावा.
३) जमीन, जनावरे किंवा दागिने विकून व्यवसाय सुरू करू देऊ नये. निदान उमेदवारीचा एक हंगाम पूर्ण होईपर्यंत तरी थांबावे.
४) व्यवसायाचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे. लग्नकार्यासाठी त्यातून पैसे उचलू नयेत.
५) दर महिन्याला त्याच्याकडून हिशेबाची वही पाहावी. तोटा झाला तर किती झाला यापेक्षा कशामुळे झाला, हे विचारावे.

सारांश

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. आज शेती आणि व्यापार यांना जोडणारा जो व्यवसाय आहे, तेथे पदवीधरांना मोठा वाव आहे. परंतु त्यासाठी क्रम पाळला पाहिजे : प्रथम कौशल्य, नंतर गिऱ्हाईक, मग लहान सुरुवात आणि शेवटी कर्ज व अनुदान. हा क्रम उलटा केल्यास चांगली पदवी आणि चांगली योजना, दोन्ही वाया जातात.

येत्या खरिपापूर्वी आपल्या घरातील पदवीधराला बरोबर घेऊन दोन कामे करावीत. पेरणी यंत्र जॅकवर उचलून चाकाचे २० फेरे मोजावेत आणि बी वजन करावे. नंतर एक कोरी वही घेऊन पंचक्रोशीतील ५० शेतकऱ्यांची नावे, पिके आणि लागवडीचे महिने लिहावेत. पहिल्या कामाला एक सकाळ लागेल, दुसऱ्याला एक महिना. एवढे झाल्यावर कोणता व्यवसाय करावा, हा प्रश्न आपल्याला फार जणांना विचारावा लागणार नाही.